वाटे मी घातले होते

कराडजवळच्या आमच्या मलकापूरच्या वाचनालयाची दरवर्षी एक छोटी पुस्तिका निघते. मागे तीत मी एक लेख लिहिला होता, सुपरहिरोंच्या जोडकथांवर. जोडकथा हा शब्द माझाच. इंग्रजी कॉमिक्समध्ये अशा मालिका असतात, ज्यांत एक नेहमीचा सुपरहिरो असतो आणि दर अंकात दुसऱ्या कुठल्या तरी मालिकेतला सुपरहिरो त्याच्या मदतीला येतो. दोघं मिळून खलनायकाला लोळवतात आणि पुढच्या अंकात नवा जोडीदार. असे सुटे अंक एकत्र करून जे संग्रह होतात, ते सलग चांगले कधीच नसतात, असं मी त्या लेखात मांडलं होतं. एक कथा अशी की पुस्तक खाली ठेववत नाही, आणि लगेच पुढची अशी की ती छापली कशी असा प्रश्न पडावा. उदाहरण म्हणून मी आमच्या वाचनालयातल्याच दोन बांधीव खंडांबद्दल लिहिलं. पहिला सरस, दुसरा सुमार. आणि दुसरा सुमार का, तर ज्यानं तो निवडला त्याची नजर कच्ची, असं सभ्य भाषेत लिहून टाकलं.

लेखाचं कौतुक झालं. त्यात मी एक मुद्दा मांडला होता, तो तर लोकांनी मला रस्त्यात थांबवून बोलून दाखवला. मुद्दा असा, की जोडकथेत दुसरा सुपरहिरो हा पाहुणा असतो. पाहुणा स्वतःचं काही काम घेऊन आला असेल तर कथा रंगते, नुसता जेवायला आला असेल तर कंटाळा येतो.

हा मुद्दा माझा नव्हता. तो माझ्या मित्राचा होता, ज्याची नजर मी कच्ची ठरवली त्याचाच. आणि दुसरा खंड सुमार का, त्याचंही कारण मला लिहिताना पक्कं माहीत होतं. ते मी आता लिहितो आहे.

हा मित्र मूळचा आटपाडीचा. त्याच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरंच, वडिलांनी थोडी शेती केली, आणि हा सैन्यात गेला तो सुभेदार होऊन परत आला. मुलाची नोकरी कराडला, म्हणून तो मलकापुरात येऊन राहिला. मी साताऱ्याचा, आयुष्यभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, शेवटची बदली कराडला झाली आणि इथंच घर केलं. मी त्याला सुभेदार म्हणतो, तो मला सर. दोघंही सत्तरी ओलांडलेले.

आमची ओळख कराडच्या एका रद्दीच्या दुकानात झाली. मी जुनी कॉमिक्स शोधायला जायचो, पण लाजत. आधी दोन गंभीर पुस्तकं हातात घ्यायचो, मग त्यांच्या खाली कॉमिक. शिक्षकी पेशाची सवय. वर्गात मुलांच्या बाकाखालून ज्या वस्तू जप्त केल्या, त्याच घरी नेऊन वाचायच्या, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि त्या दिवशी बघतो तर दुकानाच्या पायरीवर एक मिशाळ, ताठ बसलेला माणूस उघड्यावर कॉमिक वाचतोय आणि मोठ्यानं हसतोय. येणारे जाणारे बघतायत, याला पर्वा नाही. मला त्याचा पहिल्याच मिनिटाला हेवा वाटला. आमच्या मैत्रीची सुरुवात तिथून झाली, हे कबूल करायला मला आता काही वाटत नाही.

त्याचं इंग्रजी या कॉमिक्सनीच घडवलेलं. वर बर्फात चौकीवर असताना कुठल्याशा अधिकाऱ्यानं एक पेटी मागं सोडली होती. त्यातली कॉमिक्स यानं चित्रांवरून आधी आणि शब्दांवरून नंतर वाचली. "पैल्यांदा समदी मारामारीच वाटायची सर," तो म्हणायचा. "मग कळाय लागलं, हे गडी बोलत्यात लय. हाणताना पन बोलत्यात. आमच्यात हाणताना कोन बोलत न्हाई."

जोडकथांवर त्याचा विशेष जीव. त्यांचा एक ठरलेला साचा असतो. दोन सुपरहिरो भेटले की आधी गैरसमजातून एकमेकांना बडवतात, मग गैरसमज दूर होतो आणि दोघं मिळून खऱ्या शत्रूकडे वळतात. मला हा साचा बाळबोध वाटायचा. सुभेदार म्हणाला, "बाळबोध कसा? आवं, दोन बारक्या पलटणी एक म्हैना एकत्र ठिवून बगा. आधी भांडत्यातच. आन ह्यो नवा आलेला पाव्हना हाय का न्हाई, त्येला सोताचं काम पायजे. काम न्हाई तर त्यो नुसता जेवाय आलाय. मग निळ्याला एकट्यालाच समदं करावं लागतंय."

निळ्या म्हणजे त्या मालिकेतला नेहमीचा नायक, निळा मुखवटा घालून छपरांवरून धावणारा. नाव सुभेदारानं ठेवलेलं. मला पंधरा ओळींतही जे सांगता आलं नसतं ते त्यानं पायरीवर बसून चहा पिता पिता सांगितलं, आणि कप ठेवून उठलाही.

पुढं सांगलीहून एका ओळखीच्या रद्दीवाल्याचा निरोप आला की एक जुनं घर रिकामं होतंय आणि इंग्रजी चित्रांच्या पुस्तकांचं एक पोतं आलंय. आम्ही दोघं एसटीनं गेलो. पोतं उघडलं आणि दोघांनी एकदमच आत हात घातला. निळ्याच्या जोडकथांचे सुटे अंक, बहुतेक सगळे धड, काहींना वाळवी. आम्ही ते पोतं मिळून घेतलं आणि येताना एसटीत मधल्या जागेत ठेवून पायांनी धरून आणलं.

ठरलं असं, की पोत्यातले अंक दोन भागांत वाटायचे, दोन खंड बांधून घ्यायचे, एक त्याचा, एक माझा. खंड वाचनालयाच्या कपाटात ठेवायचे आणि शनिवारी संध्याकाळी तिथंच दोघांनी आळीपाळीनं त्यातल्या गोष्टी मराठीत सांगायच्या. निवृत्त मंडळी, समोरच्या इमारतीतल्या बायका, शाळेतली मुलं, कुणीही यावं.

आता वाटणीचं. आमच्या भागात कुठलीही वस्तू वाटायची, मग ती जमीन असो, भांडी असोत नाहीतर जत्रेतलं मटण, तर तिचे वाटे घालतात. एक जण वाटे घालतो. दुसरा पाठ करून बसतो. वाटे घालणारा एकेका वाट्यावर हात ठेवून विचारतो, हा कुणाचा, आणि पाठमोरा माणूस न बघता नाव घेतो. त्यामुळं घालणाऱ्याला मुद्दाम काही करता येत नाही. केलं तरी ते उलटून त्याच्याच पदरात पडू शकतं.

सुभेदार म्हणाला, "सर, तुमाला वाचाय पटापट येतंय. तुमी वाटं घाला. मी पाठ करून बसतो."

पोतं माझ्या घरी होतं. मी सवडीनं एकेक अंक वाचला. आणि लेखात जे लिहिलं ते तिथंच माझ्या ध्यानात आलं, की या मालिकेत दर्जाचा काही नेम नाही. दर अंकाचा लेखक वेगळा, चित्रकार वेगळा. एका अंकात निळ्या आणि दूरचं ऐकू येणारी एक आंधळी बाई पुराच्या पाण्यात बुडालेल्या तळघरात एका म्हाताऱ्या रखवालदारासोबत अडकतात. अख्ख्या अंकात एकही ठोसा नाही, बाई पाण्याचा आवाज ऐकून सांगत राहते की भिंत किती वेळ टिकेल. मी तो अंक वाचून बराच वेळ तसाच बसलो होतो. आणि त्याच्या लगेच नंतरचा अंक असा, की कुठल्या गोठलेल्या ग्रहावरून आलेला पाहुणा पानभर भाषणं देतो. त्याच्या बोलण्याचे फुगे इतके मोठे की त्यांच्यामागं चित्रच दिसत नाही. आणखी एकात मधली पानं दुसऱ्याच कुणीतरी घाईत काढलेली, त्यामुळं पाहुण्याचा झगा हिरवा असतो तो दारातून आत येताच जांभळा होतो आणि बाहेर पडताना परत हिरवा.

मी वाटे घालायला बसलो. एक अंक इकडे, एक तिकडे. चांगला इकडे, वाईट तिकडे. सुरुवातीला मी स्वतःला सांगितलं की हे फक्त वर्गवारीसाठी आहे, नंतर मिसळू. पण नंतर मी मिसळले नाहीत. तळघराचा अंक मला स्वतःच्या खंडात हवा होता. तो सुभेदाराच्या तोंडी जाऊ द्यायचा नव्हता. ते सांगताना तो कसा थांबेल, पाण्याचा आवाज कसा काढेल, हे मला आधीच ऐकू येत होतं.

म्हणून मी वाईट अंकांच्या वाट्यावर सगळ्यात वर एक असा अंक ठेवला, ज्याचं मुखपृष्ठ झकास होतं. निळ्या आणि त्याच्यासोबत एक उंच माणूस, खांद्यावर घोंगडीसारखं काही, मागं उघडा माळ. आत गोष्ट टाकाऊ. सुभेदार आला, बाजेच्या कडेला पाठ करून बसू लागला, तर मी म्हणालो, "अहो सुभेदार, आपण काय लहान मुलं आहोत का? समोर बघून उचला. तुम्हाला आवडेल तो घ्या. मी काही मनावर घेणार नाही."

तो जरा घुटमळला. "तसं नसतंय वो सर."

"उचला हो."

त्यानं वळून बघितलं. मुखपृष्ठावरचा तो माळ बघितला आणि हसला. "ह्यो माजाच दिसतोय," म्हणाला, आणि वाईट वाटा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

कराडचा बाईंडर चांगला होता. काळ्या कापडी पुठ्ठ्यात दोन्ही खंड बांधून दिले, पाठीवर सोनेरी अक्षरांत एक आणि दोन. एक माझा.

पहिल्या शनिवारी मी तळघराची गोष्ट सांगितली. माझ्या मते नीट सांगितली. भाषा शुद्ध, प्रसंग क्रमवार, आंधळ्या बाईच्या संवादांचं भाषांतर तर मी लिहूनच नेलं होतं. लोक शांत बसले होते. त्या शांततेला मी दाद समजलो. मागच्या ओळीतल्या एका आजोबांनी शेवटी विचारलं, "मग ती भिंत पडली का नाही?" मी ते सांगितलं होतं.

पुढच्या शनिवारी सुभेदारानं गोठलेल्या ग्रहावरच्या पाहुण्याची गोष्ट घेतली. मी मागं बसलो, खरं सांगायचं तर मजा बघायला. तो उभा राहिला, पुस्तक छातीशी उघडं धरलं आणि लोकांना चित्र दाखवलं. "हे बगा. बोलतोय. अजून बोलतोय. हे पुढचं पान. अजून बोलतोयच. निळ्या कुठं हाय? निळ्या ह्या फुग्याच्या मागं दबलाय. त्येचा एक बूट दिसतोय बगा." मुलं पुढं येऊन बूट शोधायला लागली. मग त्यानं त्या पाहुण्याचं एक पान तसंच्या तसं वाचलं, मधूनच थांबून, "दम घ्या पाव्हनं" म्हणत. आणि शेवटी, सगळे हसून थकल्यावर, आवाज उतरवून म्हणाला, "पन एक सांगतो. ह्यो गडी येवडं का बोलतोय? त्येच्या गावात समदं गोठलंय. इतक्या वर्सात त्येला ऐकाय कोन भेटलंच न्हाई."

हे पुस्तकात कुठंच नव्हतं. मी तो अंक वाचला होता. लिहिणाऱ्याच्या डोक्यातही ते नसणार. पण खोलीत कुणी हललं नाही.

त्यानंतर शनिवारांचं एक झालं. सुभेदाराच्या शनिवारी खुर्च्या शेजारून आणाव्या लागायच्या. माझ्या शनिवारी पुरायच्या. माझी बायको दोघांच्याही शनिवारी येत असे, निदान सुरुवातीला. एकदा जेवताना म्हणाली, "अहो, या शनिवारी कोण आहे, तुम्ही का सुभेदार?"

"मी."

"मग मी पावट्याच्या शेंगा सोलून घेते. तुमची गोष्ट मला घरीच कळलीये."

तिच्या बोलण्यात काही खोच नव्हती, ते जास्त झोंबलं. तिनं झग्याचा रंग बदलणाऱ्या पाहुण्याची गोष्ट आमच्या लेकीला फोनवर सांगितली, सुभेदाराच्या शब्दांत: "आत गेला तवा जांभळा, भाईर आला तवा हिरवा, मधी चुलीम्होरं बसला आसंल." लेक पुण्यात हसली. मी पलीकडच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो आणि मला एकही बातमी वाचता आली नाही.

मला वाटायचं, चांगला खंड माझ्याकडं आहे, मग हे असं का? कधी वाटायचं, हा गोष्टी बदलून सांगतो, हे प्रामाणिक नाही. कधी वाटायचं लोकांनाच चव नाही. रात्री ठरवायचो की आता त्याच्या शनिवारी जायचंच नाही, आणि शनिवारी पाचच्या आधी जाऊन मागची खुर्ची धरायचो.

त्याच वर्षी पुस्तिकेसाठी लेख मागितला गेला आणि मी तो लिहिला. कच्च्या नजरेचं वाक्य लिहिताना मला बरं वाटलं, हे मला आठवतं.

पुस्तिका निघाली त्या आठवड्यात सुभेदार घरी आला नाही. शनिवार त्याचा होता. तो उभा राहिला, खंड उघडला, दोन पानं उलटली आणि म्हणाला, "सरांनी लिवलंय त्ये बरूबर हाय. मला त्यातलं कळत न्हाई. वाटा पन मीच उचलला हुता, बगून. उगं तुमचा येळ घ्यायला नको." खंड टेबलावर ठेवला आणि खाली बसला. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. मी उठून तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "असं काही नाही, सुभेदार, तुम्ही सांगा की." आणि ते इतक्या हळू म्हणालो की शेजारच्यालाच ऐकू गेलं.

काही दिवसांनी तो आटपाडीला गेला. आता तिकडं कालव्याचं पाणी पोचलंय, भावाची डाळिंबाची बाग आहे, तिथं माणूस लागतं, असं त्याच्या सुनेनं सांगितलं. शनिवार सगळे माझे झाले. मी पहिला खंड संपवला, मग परत सुरू केला. खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लागल्या. एका शनिवारी फक्त तेच आजोबा आले होते, भिंतीवाले.

दुसरा खंड वाचनालयातच पडून होता. मी तो घरी आणला. मनात असं होतं, की आता निवांत वाचू, यात खरं काय आहे ते बघू, कदाचित माझ्याच नजरेतून काही निसटलं असेल. मी सगळा वाचला. काही निसटलं नव्हतं. कागदावर खरंच काही नव्हतं. फुगे, भाषणं, रंग चुकलेले झगे. दूर बर्फात ऐकायला कुणी नसलेला माणूस त्या पानांत कुठंही नव्हता. तो सुभेदारानं आणला होता. मला आयुष्यात कुणाचा इतका हेवा वाटला नाही जितका त्या दुपारी ते टाकाऊ पुस्तक मांडीवर घेऊन बसलो असताना वाटला. चांगल्या कथेवर कुणीही मान डोलावतो. वाईट कथेपाशी इतका वेळ बसून राहायचं आणि तिच्यात राहून गेलेला माणूस शोधायचा, हे मला जमणारं नव्हतं.

मग वाचनालयाच्या चिटणीसांचा फोन आला. कपाटात जागा नाही, तेव्हा माझ्या लेखाच्या आधारानं त्यांनी ठरवलं होतं, पहिला खंड ठेवायचा आणि दुसरा रद्दीत द्यायचा. "तुम्हीच लिहिलंय ना सर, सुमार आहे म्हणून. तुमच्याकडेच असेल तर तुम्हीच देऊन टाका."

मी पहिला खंडही वाचनालयातून आणला आणि दोन्ही पिशवीत घातले. बायकोला सगळं सांगितलं, वाट्यांपासून. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला कशाला सांगताय? आटपाडीची गाडी विट्यावरून जाते." मग आत जाऊन माझ्यासाठी डबा भरला. डबा दोघांचा होता.

विटा मागं पडल्यावर खिडकीबाहेरचा रंग बदलतो. ऊस संपतो, माळ सुरू होतो. मुखपृष्ठावरचा तो माळ मला सारखा आठवत होता.

सुभेदार बागेच्या कडेला लिंबाखाली बाजेवर बसला होता. मला बघून उठला. "आवं सर. फोन तरी करायचा." पाणी दिलं, बागेचं सांगितलं, मुळांना रोग लागतोय त्याचं सांगितलं. मी पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. शेवटी तो म्हणाला, "काय आणलंय?"

मी खंड काढून ठेवले आणि सांगितलं. "सुभेदार, वाटे मी मुद्दाम तसे घातले होते. चांगलं सगळं एकीकडं. वाईट सगळं एकीकडं. तुम्हाला पाठ करू दिली नाही ती त्यासाठीच. आणि वर ते माळाचं चित्र ठेवलं, तुम्ही तोच उचलावा म्हणून."

त्यानं दुसरा खंड उघडून ते चित्र पाहिलं. लिंबावर होला घुमत होता. मग म्हणाला, "चित्र मुद्दाम ठिवलं हुतं?"

"हो."

"मटनाचं वाटं असं घातलं असतं ना सर, तर आमच्यात परत कुनी तुमाला सुरीला हात लावू दिला नसता."

"बरोबर आहे."

"बरूबर हाय काय? बरूबर हाय म्हन्तोय." तो उठला, बाजेभोवती चालला, परत आला. त्याचा आवाज चढला नाही. "गोष्टी गेल्या खड्ड्यात. चांगल्या काय, वाईट काय, मला सारख्याच. पन मी त्या चौकीवर ही पुस्तकं वाचून दिस काडल्यात. लोकं पत्त्यावर जगली, मी ह्याच्यावर. तुमी छापून सांगितलंत मला त्यातलं कळत न्हाई. आन मी मानलं. तुमी शिकल्यालं मानूस, म्हनून मानलं. घरी आलो आन सुनेला म्हन्लं, माजी कॉमिकं माळ्यावर टाक. टाकली तिनं. तवापास्न एक उगडलं न्हाई मी. मला राग त्येचा हाय."

मी म्हणालो, "मला तुमचा हेवा वाटत होता."

त्यानं माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच तो गोंधळल्यासारखा दिसला. "माजा? कशाचा?"

"तुम्ही सांगायचात त्याचा. खुर्च्यांचा. सगळ्याचाच. पाहुण्याचा मुद्दा तुमचा होता, तोही मी माझा म्हणून छापला."

"व्हय, त्यो वाचला मी," सुभेदार म्हणाला. "त्यो चांगला लिवला हुता तुमी. माज्यापेक्षा बरा." आणि बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "डब्यात काय हाय?"

आम्ही जेवलो. पावट्याची उसळ होती. जेवण झाल्यावर त्यानं घरातून एक धारदार सुरी आणली, आणि मला काही कळायच्या आत दुसऱ्या खंडाची शिवण कापली. मग पहिल्याची. इतकं सुरेख बांधलेलं पुस्तक उसवताना बघून माझ्या तोंडून आवाज निघाला. "गप बसा," तो म्हणाला. "पुन्यांदा बांदू."

त्यानं बाजेवर घोंगडं अंथरलं. सगळे सुटे अंक त्यावर पसरले, तळघर, गोठलेला ग्रह, झगे, सगळे. "आता वाटं मी घालनार. तुमी पाठ करून बसा."

"आणि शनिवार?" मी विचारलं.

"शनवारी यीन. पन हे समदं त्या पुस्तिकेत लिवायचं. जसं झालं तसं. आन ह्या बारीला मला वाचून दावायचं आदी."

मी कबूल झालो, आणि बाजेला पाठ करून दगडावर बसलो. समोर डाळिंबाची झाडं होती, त्यांच्या पलीकडं कुणाची तरी मेंढरं. मागं अंक सरकल्याचा आवाज येत होता. मला वाटलं होतं तो पटापट करेल, एक इकडे, एक तिकडे. पण तो एकेक उघडून बघत होता. मधेच हसला. मोठ्यानं, रद्दीच्या दुकानाच्या पायरीवर हसला होता तसा. कुठल्या अंकाला हसला? माझी मान वळायला लागली.

"म्होरं बगा सर."

मी पुढं बघितलं. त्यानं आणखी एक अंक उलटला, काहीतरी पुटपुटला, तो अंक कुठल्या तरी वाट्यावर ठेवला आणि मग तो तिथून उचलून दुसऱ्यावर ठेवल्याचं ऐकू आलं. कुठला होता? तळघराचा? मी वाचलेले सगळेच्या सगळे अंक, मला पाठ असलेले, आणि तरीही मला वाटत होतं की तो माझ्या मागं काहीतरी असं बघतोय जे मी बघितलं नाही.

शेवटी सगळं शांत झालं. घोंगड्यावर त्याचा हात पडल्याचा आवाज आला.

"ह्यो कुनाचा?"

"तुमचा," मी म्हणालो.

आणि म्हणताक्षणी मला खात्री पटली, की चांगला तोच होता.